बाळाला दूध पुरतंय की नाही? या चुका टाळा

माझी लेक झाली तेव्हा दुसऱ्याच दिवशी सासूबाई, शेजारच्या कॉटवरच्या बाईची आई, सगळ्यांचं एकच, हिला दूधच उतरलं नाहीये, वरचं सुरू करा, आणि मी आपली रडत बसलेले. अहो, पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी 5-7 मिली लागतं, चहाचा चमचाभर! तो घट्ट पिवळा चीक येतो ना तेवढा पुरतो. काही घरांत तो अजूनही पिळून टाकतात, प्लीज नका टाकू. भरपूर दूध तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरतं, सिझर असेल तर कधी थोडं उशिरा.

दुसरी चूक मीच केली, पंप लावून मोजायला गेले. 20 मिली निघालं, वाटलं संपलं सगळं. पण बाळ ओढतं तसं पंप ओढत नाही, त्यावरून काही कळत नाही.

मोजायचेच तर लंगोट मोजा. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा तरी ओले झाले पाहिजेत, मी कॅलेंडरवर पेन्सिलने रेघा मारायचे. वजन आधी थोडं उतरतं, 3 किलोचं बाळ 2.8 झालं तर घाबरू नका, दोन आठवड्यांत भरून येतं. 10 टक्क्यांच्या आसपास उतरलं तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

घड्याळ लावून पाजणं पण सोडा, 24 तासांत 8 ते 12 वेळा होतंच. रडायची वाट बघू नका, मुठी चोखायला लागलं, तोंड इकडेतिकडे फिरवायला लागलं की घ्या. संध्याकाळी तर दर अर्ध्या तासाने मागतात, ते दूध आटलं म्हणून नाही, तसंच असतं.

डॉक्टरांनी पावडर सांगितलीच तर आठवड्यानंतर किलोमागे दिवसाला साधारण 150 मिली, म्हणजे 3 किलोला 450, आठ वेळांत वाटून. डबा पुरवायला पातळ करू नका (आमच्याकडे हा सल्लाही मिळाला होता!), उरलेलं संपवायला बळजबरी नको.

पाणी, घुटी सहा महिने नाही, मध तर वर्षभर नाहीच.

आणि बाळ सुस्त पडलंय, पाजायला उठवूनही उठत नाही, सात-आठ तास लंगोट कोरडाच, तर कोणाला विचारत बसू नका, रात्र असली तरी दवाखाना गाठा.