कुत्र्याची जखम धुताना: बेटाडिन किती, पाणी किती

कापूस निघाल्यावर शेतात उरलेलं पऱ्हाटीचं धसकट, बांधावरचा बाभळीचा काटा, नाहीतर कुंपणाची तार. खानदेशात मळ्यावरच्या कुत्र्याला ओरखडा बसतो तो बहुतेक यातल्याच कशाने. अशी वरवरची जखम घरी सांभाळता येते. ती चिघळते तेव्हा मात्र बऱ्याचदा कारण निघतं ते अतिकडक औषध. जंतू मारणारं औषध कडक असलं की नव्या मांसाच्या पेशीही मारतं.

आधी जखम बघा

दहा मिनिटं स्वच्छ कापड दाबून धरूनही रक्त थांबत नसेल, जखमेची तोंडं फाकली असतील, जखम डोळा, छाती, पोट किंवा सांध्याजवळ असेल, तर घरी थांबू नका. दुसऱ्या कुत्र्याने चावलेली जखम वरून टाचणीच्या टोकाएवढी दिसते, पण आत कातडी मांसापासून सुटलेली असते. तीही पशुवैद्यकीय दवाखान्याचीच. शिवाय तिथे रेबीजचा प्रश्न येतो. हातमोज्यांशिवाय हात लावू नका. लाळ आपल्या ओरखड्याला लागली तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्यायला जा.

मेडिकलमधून काय आणायचं

पोव्हिडोन आयोडीनचं सोल्युशन, म्हणजे आपण ज्याला सरसकट बेटाडिन म्हणतो ते. बाटलीवर ‘सोल्युशन’ लिहिलेलं बघून घ्या. ‘स्क्रब’मध्ये फेस करणारं द्रव्य असतं, ते जखमेत चालत नाही. सोबत सलाईनची (०.९ टक्के) बाटली, गॉज, २० मिलीची सिरिंज. सलाईन नसेल तर अर्धा लिटर उकळून निववलेल्या पाण्यात ५ मिलीच्या चमच्याने पाऊण चमचा मीठ. आणि हो, कापसाच्या मुलखात कापूस हाताशी असतो, पण तो जखमेवर ठेवू नका. तंतू चिकटतात आणि मग उपटताना नवी कातडी निघते.

किती पातळ करायचं

बेटाडिन ५ टक्के असेल तर १० मिली औषध आणि ९० मिली पाणी. १० टक्के असेल तर ५ मिली औषध, ९५ मिली पाणी. रंग कोऱ्या चहासारखा आला पाहिजे. काळपट तपकिरी दिसला तर अजून पाणी घाला. रोज ताजं करा, उरलेलं ओतून द्या.

क्लोरहेक्सिडीन हे दुसरं जंतुनाशक मिळालं तर तेही चांगलं, त्याचा असर जास्त वेळ टिकतो. २ टक्क्यांच्या द्रावणातलं २.५ मिली घेऊन साध्या पाण्याने १०० मिली करा. यात सलाईन नको, गाळ बसतो. साबणाचा अंशही राहू देऊ नका, साबणाने हे औषध निकामी होतं. डोळ्यात आणि कानात ते जाता कामा नये. हातावर चोळायचं सॅनिटायझरवालं क्लोरहेक्सिडीन वेगळं. त्यात स्पिरिट असतं.

धुणं

१. ओळखीचा माणूस डोक्याशी बसवा. दुखलं की घरचं कुत्रंही चावतं. तोंड गॉजच्या पट्टीने बांधायचं तर सावलीत आणि दोन-चार मिनिटांपुरतंच; कुत्रं धापा टाकूनच अंग थंड करतं, मे महिन्यात ही चूक महागात पडते.

२. जखमेवर पाण्यात विरघळणारी जेली लावून भोवतीचे केस बोथट टोकाच्या कात्रीने कापा. केस जेलीला चिकटतात, जखमेत पडत नाहीत.

३. सुई न लावता सिरिंजने सलाईनची धार मारा, १०० ते २०० मिली तरी. माती, रक्त, पू राहिला तर आयोडीन त्यावरच खर्च होतं. खरं काम इथेच होतं, औषध नंतरचं.

४. पातळ बेटाडिनमध्ये गॉज भिजवून जखमेवर दोन मिनिटं ठेवा. घासू नका. मग टिपून कोरडं करा.

हे दिवसातून दोनदा, तीन-चार दिवस. औषध वाळेपर्यंत चाटू देऊ नका.

हे नको

हायड्रोजन पेरॉक्साइड आणि स्पिरिट जिवंत पेशी जाळतात. डेटॉल आणि सॅव्हलॉन घरात असतात म्हणून लावले जातात. चाटल्याने तोंडा-जिभेला चट्टे पडू शकतात. चुना, तंबाखू, रॉकेल, जळकं ऑइल यांनी जखम झाकली जाते, भरत नाही. माणसाची दुखण्याची गोळी तर अजिबात नको: डायक्लोफिनॅक आणि आयबुप्रोफेन कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडाला घातक आहेत.

किडे पडले तर

पावसाळ्यात माशीची अंडी दिवसभरात फुटतात. जखमेला घाण वास आला, कुत्रं तिथेच सारखं चाटू लागलं की आत अळ्या आहेत असं समजा. डांबरगोळी किंवा फिनाईल भरण्याची आपल्याकडे सवय आहे, दोन्ही विषारी. १९६२ वर फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी फोन करा किंवा तालुक्याच्या दवाखान्यात न्या.

पट्टी शक्यतो बांधूच नका. पायाला बांधावीच लागली तर खाली एक बोट सरकेल इतकी सैल ठेवा आणि संध्याकाळी कुत्र्याच्या पंजाच्या मधल्या दोन बोटांमधलं अंतर बघा. नखं फाकलेली दिसली, म्हणजे पाय सुजतोय. पट्टी लगेच कापा.