मलेरियाच्या परजीवीचा ताणाने झालेला मृत्यू कसा ओळखावा

प्लास्मोडियम फाल्सिपेरम या मलेरियाच्या परजीवीचे परिपक्व शायझॉन्ट (आत अनेक नवे परजीवी तयार झालेली, फुटण्याच्या बेतात असलेली अवस्था) वेगळे काढून त्यांच्यातील परजीवींना ताज्या तांबड्या पेशींत ३ तास शिरू द्यावे आणि उरलेले शायझॉन्ट सॉर्बिटॉल या शर्करा-अल्कोहोलच्या ५ टक्के द्रावणाने नष्ट करावेत. मिश्र वयाच्या संवर्धनात औषधाचा कोवळ्या परजीवींवरील परिणाम वेगळा ओळखणे अवघड जाते. नुकत्याच शिरलेल्या, अंगठीसारख्या दिसणाऱ्या या कोवळ्या वलयांना डायहायड्रोआर्टेमिसिनिन हे मलेरियाविरोधी औषध ७०० नॅनोमोलर प्रमाणात ६ तास द्यावे, ते पूर्ण धुऊन काढावे आणि औषध दिल्यापासून ७२ तासांनी गिम्सा या रंगद्रव्याने रंगवलेल्या काचपट्टीवर जिवंत परजीवी मोजावेत. शेजारी औषधाविना वाढवलेला नमुना हवाच.

हिमोग्लोबिनच्या पचनातून सुटणाऱ्या हीम या लोहयुक्त रेणूमुळे औषध सक्रिय होऊन प्रथिनांना चिकटते. अशी बिघडलेली प्रथिने साचली की परजीवीवर ताण येतो; मग पीके४ हे परजीवीचे विकर प्रथिननिर्मिती सुरू करणाऱ्या ईआयएफ२-अल्फा या प्रथिनाला फॉस्फेट जोडते आणि नवी प्रथिननिर्मिती मंदावते. येथे घाई करू नये, कारण वाढ थांबलेला परजीवी मेलेलाच असतो असे नाही. सुप्त राहून तो पुन्हा वाढू शकतो. म्हणून आकसलेले गडद केंद्रक दिसले तरी तंतुकणिकेचा (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाचा) पटलावरील विद्युतविभव, म्हणजे जिवंतपणाची खूण, टिकून आहे का, हे योग्य रंगद्रव्याने तपासावे. कॅस्पेजच्या (प्राण्यांच्या पेशींत नियोजित पेशीमृत्यू घडवणाऱ्या विकरांच्या) तयार चाचण्यांवर मात्र विसंबू नये: या परजीवीत कॅस्पेज नसतात, त्यांची दूरची नातलग विकरे, मेटाकॅस्पेज, असतात.