कोकणातल्या झाडाची हर्बेरियम शीट, बुरशी लागू न देता

हर्बेरियम शीट म्हणजे झाडाची सुकवलेली फांदी टाचून, लेबल लावून जपलेला जाड कागद. ती सुकवायला प्रेस, म्हणजे फांदी कागदांत घालून दाबायची चौकट, कुठून आणू, कागद कुठला घेऊ हे नंतर. आधी डायरी काढा, कारण शीटवर येते हातभर फांदी, बाकी झाड तिथंच राहतं. हिमालयातल्या फर या सूचिपर्णी झाडाचंच बघा ना, त्याचा कोन, म्हणजे बिया धरणारा खवल्यांचा शंकू, फांदीवर उभा असतो आणि पिकला की झाडावरच खवला खवला सुटून गळतो, मग जुन्या रेकॉर्डमध्ये तो कसा होता हे लिहिलेलं नसेल तर नुसती शीट बघून काय कळणार! आपल्याकडे कोकमाची नर-मादी झाडं वेगळी, म्हणजे नमुने दोन आणि डायरीतले नंबरही दोन. सातवीण असेल तर पान तोडल्यावर पांढरा चीक आला हे तिथल्या तिथं लिहायचं. फुलाचा रंग, वास, साल, झाडाची उंची, तारीख, मोबाईलवरचं जीपीएस सगळं घ्या, आणि नुसतं 'गुहागर' लिहून भागत नाही हं, कुठली वाडी, कुठला वहाळ ते पाहिजे. देवराई असेल तर आधी गावच्या मानकऱ्यांना विचारा, वनखात्याच्या जंगलात परवानगीशिवाय हात लावू नका.

फांदी फुलाफळासकट, साधारण 42 बाय 28 सेंटिमीटरच्या शीटवर बसेल एवढीच. एखादं पान उलटं ठेवा, मागची बाजू दिसली पाहिजे, सुकल्यावर ते जमत नाही.

आता खरी डोकेदुखी, सुकवणं. इथे हवाच ओली, त्यात उंडीसारखी जाड पानं, पेपर रोज बदलला नाही तर बुरशी आलीच म्हणून समजा, आणि पावसात तर दिवसातून दोनदा बदला. आंब्याचे पुठ्ठ्याचे बॉक्स कापून मधेमधे घाला, त्यातल्या पन्हळींची तोंडं मोकळी राहतील असे, म्हणजे वारा आरपार जातो. प्रेस जमिनीवर ठेवू नका, दोन विटांवर चढवा. सुकलं की नाही बघायला पान गालाला लावा, गार लागलं तर अजून ओल आहे.

जाड फांदी सुईदोऱ्याने टाचा, सेलोटेप अजिबात नको. लेबल उजवीकडे खाली. नाव नक्की नसेल तर ती जागा रिकामी सोडा, मुंबईचं ब्लॅटर हर्बेरियम किंवा पुण्याचं बीएसआय (भारतीय वनस्पती सर्वेक्षण) इथल्या शीटशी ताडून मग भरा. किड्यांसाठी शीट प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून आठवडाभर डीप फ्रीझरला, पण बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका, गारवा जाईपर्यंत थांबा, नाहीतर पाणी सुटतं.