नागपुरात प्रेशर वॉशिंगचा व्यवसाय: यंत्रसामग्री कशी निवडावी

प्रेशर वॉशिंगच्या, म्हणजे पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुण्याच्या, व्यवसायात उतरणारे बरेच जण आधी यंत्र विकत घेतात आणि मग त्या यंत्राला झेपेल असे काम शोधत फिरतात. हा क्रम उलटा असायला हवा. नागपुरात या कामाचे प्रकार एकमेकांपासून बरेच वेगळे आहेत. धरमपेठ, मनीषनगर किंवा बेसा भागातील सोसायट्यांच्या गच्च्या, पार्किंग आणि कंपाउंडच्या भिंती यांवर पावसाळ्यात शेवाळ धरते आणि वाळल्यावर त्याचा काळा थर बसतो. वाडी या उपनगरात ट्रकच्या चाकांना आणि चासीला चिकटलेला चिखल आणि ग्रीस काढायचे असते, हिंगणा आणि बुटीबोरीच्या एमआयडीसीत तेलकट फरशा असतात, तर दिवाळीच्या आधी रंगकामासाठी भिंती धुऊन देण्याची मागणी वाढते. यांपैकी पहिल्या वर्षी आपण नेमके कोणते काम धरणार आहोत, हे ठरवल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नये.

दुकानात सर्वांत आधी कानावर पडतो तो बारचा आकडा. बार म्हणजे दाब, आणि एक बार म्हणजे सुमारे १४.५ पीएसआय (दाबाचेच दुसरे एकक). परंतु दाबाने मळ फक्त सुटतो. तो वाहून नेण्याचे काम पाणीच करते, आणि मिनिटाला किती लिटर पाणी येते यावरच दिवसभरात किती फरशी धुऊन होईल हे ठरते. शेवाळलेल्या गच्चीसाठी १५० बार आणि मिनिटाला १५ लिटर देणारे यंत्र २०० बार आणि ८ लिटरच्या यंत्रापेक्षा नेहमीच सरस ठरते, कारण दुसऱ्या यंत्राने सुटलेला मळ त्याच फरशीवर पसरत राहतो आणि माणसाला पुन्हा पुन्हा तीच जागा धुवावी लागते. ज्याला या कामावर पोट भरायचे आहे, त्याने बारपेक्षा लिटरसाठी पैसे मोजावेत, असे माझे ठाम मत आहे.

खोक्यावर छापलेले आकडे खरे आहेत का, हे घरी बसून तपासता येते. बार आणि मिनिटाचे लिटर यांचा गुणाकार करून त्याला ६०० ने भागले, की पाण्याला प्रत्यक्ष मिळणारी शक्ती किलोवॉटमध्ये निघते. १५० गुणिले १५ म्हणजे २,२५०, आणि त्याला ६०० ने भागल्यावर ३.७५ किलोवॉट येतात. पंपातील घट धरून मोटार साधारण ६ एचपीची तरी हवी, म्हणजेच बाजारात मिळणारी साडेसात एचपीची थ्री फेज मोटार घ्यावी लागेल. आता ३ एचपीच्या सिंगल फेज यंत्रावर ‘२०० बार, १५ लिटर’ असे लिहिलेले दिसले, तर हिशेब ५ किलोवॉटचा होतो आणि ३ एचपीची मोटार मुळात २.२ किलोवॉटचीच असते. अशा यंत्राचा सर्वाधिक दाब आणि सर्वाधिक प्रवाह वेगवेगळ्या स्थितीत मोजून एकाच ओळीत छापलेला असतो. ३ एचपीकडून १२० बारला ९ लिटर किंवा १०० बारला ११ लिटर एवढीच प्रामाणिक अपेक्षा ठेवावी.

त्यामुळे दुकानात यंत्र चालवून पाहण्याचा आग्रह धरावा. नोझल (फवाऱ्याचे तोंड) काढून गन, म्हणजे हातात धरायची फवारणी, २० लिटरच्या बादलीत सोडावी आणि घड्याळ लावावे: १२ लिटरच्या पंपाने बादली १०० सेकंदांत भरते, १५ लिटरच्या पंपाने ८० सेकंदांत. नंतर नोझल लावून दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा पाहावा. गनचा खटका सोडल्यावर पाणी परत वळवणारा अनलोडर व्हॉल्व्ह चांगला असेल, तर काटा एकदा उसळी घेऊन एका जागी थांबतो. तो सारखा वरखाली होत राहिला, तर कुठेतरी गळती आहे असे समजावे. दुकानदार चाचणीला तयार नसेल, तर दुसरे दुकान गाठावे.

वीज कुठून घ्यायची, हा पुढचा प्रश्न. सोसायट्यांमध्ये बहुधा १६ अँपिअरचा सिंगल फेज प्लग मिळतो आणि त्यावर ३ एचपीच्या पुढे जाता येत नाही. थ्री फेज जोडणी कारखान्यांत आणि लिफ्ट असलेल्या इमारतींत असते, पण ती प्रत्येक ठिकाणी वापरू देतीलच असे नाही. म्हणून बाहेर फिरून काम करणाऱ्याला पेट्रोल इंजिनचे यंत्र सोयीचे पडते. १३ एचपीच्या इंजिनावर १५ लिटरचा पंप सहज चालतो. मात्र हे इंजिन तळघरातील पार्किंगमध्ये कधीही चालवू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि बंद जागेत तो काही मिनिटांत जीव घेऊ शकतो. तळघराचे काम धरायचे असेल, तर विजेचे यंत्रच घ्यावे.

विजेच्या यंत्रात मोटार इंडक्शन प्रकारची, म्हणजे ब्रश नसलेली, हवी. कार्बन ब्रशच्या मोटारी हलक्या आणि स्वस्त असतात, परंतु त्या घरच्या गाडीसाठी बनवलेल्या असतात आणि रोजच्या सलग कामाला टिकत नाहीत. पंप क्रँकशाफ्टचा, तीन सिरॅमिक प्लंजरचा (पाणी ढकलणाऱ्या दांड्यांचा), पितळी हेडचा आणि १,४५० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे घेत, फिरणारा असावा. २,८०० आरपीएमचा पंप तेवढेच पाणी देतो, पण त्याची सील (पाणी गळू न देणारी कडी) दुप्पट वेगाने घासली जातात.

नागपूरच्या उन्हाळ्याचा विचार यंत्र घेतानाच करावा लागतो, आणि नेमका तोच बहुतेकांकडून राहून जातो. घरगुती यंत्रांच्या पंपात आत येणारे पाणी ४० अंशांपेक्षा गरम चालत नाही, व्यावसायिक पंपांना बहुधा ६० अंशांपर्यंत चालते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो तेव्हा गच्चीवरच्या काळ्या टाकीतील पाण्यात दुपारी हात बुडवून पाहावा, म्हणजे लहान यंत्राची सील याच दिवसांत का जातात हे कळेल. अनेक मोटारींची क्षमताही ४० अंशांच्या हवेसाठी ठरवलेली असते, त्यामुळे यंत्र सावलीत ठेवावे आणि काम सकाळी ११ च्या आत आटोपावे. गन बंद ठेवून यंत्र चालू राहिले, की तेच ते पाणी पंपात फिरून आणखी तापते. दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त थांबायचे असेल, तर मोटार बंद करावी.

पाण्याची टाकी स्वतःची असावी. १५ लिटरचे यंत्र तासाला ९०० लिटर पाणी ओढते आणि सोसायटीचा अर्ध्या इंचाचा नळ तेवढे देईलच याची खात्री नसते. नळ आणि पंप यांच्यामध्ये ५०० लिटरची टाकी ठेवली, तर पंप लगेच कोरडा पडत नाही. भरलेल्या टाकीचे पाणीच ५०० किलोचे असते, म्हणून छोटा हत्ती घेताना टाकी, यंत्र आणि माणसे मिळून गाडीच्या क्षमतेत बसतात का, ते पाहावे. टाकी पंपापेक्षा उंच असावी आणि दोहोंमधला पाइप निदान पाऊण इंचाचा असावा. पंपातून खडखड असा आवाज येऊ लागला, तर त्याला पाणी कमी पडते आहे. बोअरच्या पाण्यातील बारीक रेतीने प्लंजर आणि सील घासून जातात, म्हणून पंपाआधी धुता येणारा जाळीचा फिल्टर लावावा आणि तो रोज उघडून पाहावा.

नोझलचे रंग फवाऱ्याच्या कोनाप्रमाणे ठरलेले आहेत: लाल शून्य अंश, पिवळा १५, हिरवा २५, पांढरा ४० आणि काळा साबणासाठी. फरशीला हिरवा आणि रंगवलेल्या पृष्ठभागाला पांढरा वापरावा. लाल नोझलने प्लास्टर उकरले जाते, त्यामुळे ते कामगाराच्या हाती न दिलेलेच बरे. नोझलच्या छिद्राचा आकार पंपाच्या दाबाशी आणि लिटरशी जुळायला हवा. छिद्र झिजून मोठे झाले की दाब उतरतो, आणि पुष्कळदा नोझल बदलण्याऐवजी पंपच खोलला जातो. मोकळ्या फरशीसाठी मात्र सरफेस क्लीनर घ्यावाच. झाकणाखाली फिरणाऱ्या दोन नोझलमुळे फरशीवर पट्टे उठत नाहीत आणि भिंतींवर शिंतोडेही उडत नाहीत. ९-१० लिटरच्या यंत्राला १२ इंची आणि १५ लिटरला २० इंची सरफेस क्लीनर शोभतो. लहान यंत्राला मोठा लावला, तर तो नीट फिरतच नाही.

काही पृष्ठभागांना जोराचा फवारा मारूच नये. पेव्हर ब्लॉकच्या सांध्यांतील रेती निघून जाते, म्हणून ती पुन्हा भरून देण्याचे काम दरातच धरावे. सिव्हिल लाइन्समधील जुन्या वाळूच्या दगडाच्या बांधकामांना हात लावू नये. सोलर पॅनलसाठी मऊ ब्रश आणि कमी दाबाचे, क्षार काढलेले पाणी वापरावे, तेही काच तापण्याआधी, पहाटे. शेवाळावर सोडियम हायपोक्लोराइट (ब्लीच) चालते, परंतु ते पंपातून न ओढता पंपानंतर बसवलेल्या इंजेक्टरने सोडावे आणि ॲसिडजवळही ठेवू नये, कारण दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू तयार होतो. ग्रीसची कामे नियमित मिळू लागल्यावरच डिझेल बर्नरच्या गरम पाण्याच्या यंत्राचा विचार करावा. पहिल्या वर्षी त्याची गरज नाही.

सुरक्षेच्या वस्तूंवर काटकसर करू नये. ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच), नीट अर्थिंग, निदान २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल (ती गुंडाळीवरून पूर्ण उलगडूनच वापरावी, नाहीतर गुंडाळीतच तापते), गमबूट आणि चष्मा एवढे हवेच. फवारा कातडीत घुसला, तर बाहेरून टाचणीएवढीच जखम दिसते, पण पाणी आणि घाण आत खोलवर गेलेली असते. अशा माणसाला मलमपट्टी करून घरी न पाठवता लगेच शल्यचिकित्सकाकडे न्यावे.

खरेदी पक्की करताना त्या पंपाचे सील किट, व्हॉल्व्ह आणि ओ-रिंग नागपुरातच मिळतात का, हे विचारावे. सुटा भाग दिल्लीहून येईपर्यंत दिवाळीआधीचा हंगाम निघून जातो. पंपाचे तेल पहिल्यांदा ५० तासांनी आणि नंतर सुमारे ५०० तासांनी बदलावे, असे बहुतेक कंपन्या सांगतात. तेल दुधाळ दिसले, तर सीलमधून पाणी आत शिरले आहे आणि त्याच दिवशी सील बदलायला हवे. म्हणून एक सील किट, दोन जादा नोझल, एक गन आणि यंत्रापेक्षा जास्त दाब सोसणारा, तारेची जाळी असलेला होज पाइप यंत्राच्याच बिलात घेऊन गाडीत ठेवावा.