जमिनीलगतचा ओझोन वरून उतरला आहे का, हे कसे तपासावे

निरीक्षण केंद्रावर ओझोनची नोंद एकाएकी चढली, की पहिला संशय वाहनांच्या धुरावर जातो, आणि पुष्कळदा तो खराही ठरतो. परंतु वातावरणातील सुमारे 90 टक्के ओझोन स्थितांबरात (वातावरणाच्या वरच्या, दुसऱ्या थरात) असतो आणि त्यातील काही तपांबरात (जमिनीलगतच्या पहिल्या थरात) उतरत राहतो, त्यामुळे कारण ठरवण्यापूर्वी वरच्या हवेचीही चौकशी करावी.

प्रथम वेळ पाहावी. नायट्रोजनची ऑक्साइडे आणि बाष्पनशील सेंद्रिय संयुगे यांच्यापासून उन्हात तयार होणारा ओझोन सहसा दुपारी कमाल पातळी गाठतो. वरून येणाऱ्या हवेला उन्हाची गरज नसल्याने उंच पर्वतावरील केंद्रात ओझोन मध्यरात्रीही वाढू शकतो. मध्य अक्षांशांत अशा घटनांची शक्यता वसंत ऋतूत विशेष असते.

त्यानंतर त्याच तासांतील आर्द्रता आणि कार्बन मोनॉक्साईड यांचे आलेख ओझोनच्या आलेखाखाली ठेवावेत. माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची पायरी आहे. स्थितांबरातील हवा अतिशय कोरडी असते आणि तिच्यात कार्बन मोनॉक्साईड कमी असतो. म्हणून ओझोनची रेषा वर चढत असताना बाकीच्या दोन्ही रेषा खाली आल्या, तर संशयाला बळ मिळते. ओझोनबरोबर कार्बन मोनॉक्साईडही वाढला, तर बहुधा ज्वलनाचा धूर कारणीभूत असतो. केवळ कोरडेपणावर मात्र निष्कर्ष काढू नये, कारण तपांबराच्याच वरच्या भागातून खाली आलेली हवाही कोरडी असते.

शक्य असल्यास ओझोनसाँडची नोंद मिळवावी. फुग्याला बांधलेल्या या उपकरणात बाहेरची हवा पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणातून जाते, ओझोनमुळे आयोडीन मुक्त होते आणि निर्माण झालेल्या सूक्ष्म विद्युतप्रवाहावरून ओझोनचे प्रमाण कळते. जेट प्रवाहाजवळ (उंचावरील वेगवान वाऱ्याच्या पट्ट्याजवळ) तपस्तब्धीला, म्हणजे तपांबर आणि स्थितांबर यांच्यातील सीमेला, घडी पडली असेल, तर तपांबरातच भरपूर ओझोन असलेला एक पातळ, कोरडा थर या नोंदीत वेगळा उठून दिसतो. हवेतील बाष्प दाखवणाऱ्या उपग्रहाच्या चित्रातही तेथे गडद पट्टा आढळतो.

अनेक वर्षांचा कल तपासताना स्थितांबरातील ओझोन थराचा अप्रत्यक्ष परिणामही विसरू नये. तो थर विरळ झाल्यास अतिनील किरण अधिक प्रमाणात खाली पोहोचतात. स्वच्छ, दमट हवेत ते ओझोनचा नाश वाढवतात, तर नायट्रोजनच्या ऑक्साइडांनी भरलेल्या हवेत त्याची निर्मिती वाढवू शकतात. म्हणून डॉबसन एककांत मोजलेला एकूण ओझोनही (जमिनीपासून वातावरणाच्या माथ्यापर्यंतच्या हवेतील सर्व ओझोन) जमिनीवरील नोंदींशेजारी मांडावा.