आग विझली म्हणून मास्क काढता? अग्निशमन जवानांनो, या चुका टाळा

सगळ्यात घातक चूक आग विझल्यावर होते. ज्वाळा गेल्या, कूलिंग सुरू झालं की अनेक जण बीए सेट (पाठीवरचा हवेचा सिलिंडर आणि मास्क) उतरवतात. सेट जड, आत घामाच्या धारा, त्यामुळे मोह होणारच. पण धुमसणाऱ्या ढिगाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतच असतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या २०० पटींहून जास्त घट्ट धरतो. सोफ्याचा, गादीचा फोम जळला असेल तर सोबत हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायूही असतो. म्हणून डोळ्यांवर विसंबू नका. गॅस मीटर लावून अधिकारी सांगेपर्यंत मास्क चेहऱ्यावरच हवा. सेट कमी असतील तर जवानांच्या जोड्या आळीपाळीने आत पाठवा, पण बिनमास्क कुणाला आत धाडू नका.

ओला रुमाल किंवा एन-९५ मास्क बांधून आत जाणंही तितकंच चुकीचं. एन-९५ कण अडवतो, वायू नाही; रुमाल तर कणही धड अडवत नाही. दाढीचे खुंट असले तरी बीए सेटचा मास्क नीट बसत नाही. ड्युटीवर येताना दाढी केलेली असावी.

वर्दीवरून, म्हणजे आगीच्या कॉलवरून, परतल्यावर डोकं दुखतंय, मळमळतंय, आणि बोटावरचा ऑक्सिमीटर ९८ दाखवतोय? त्या आकड्यावर जाऊ नका. साधा ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन वेगळं ओळखू शकत नाही. जवानाला लगेच ऑक्सिजन लावा, रुग्णालयात न्या आणि डॉक्टरांना ‘हा धुरात होता’ असं स्पष्ट सांगा. खरं काय ते रक्ततपासणीत कळतं.

काजळीने माखलेला सूट म्हणजे मर्दुमकी, हा समज मात्र आता सोडायलाच हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशामकाचं काम कर्करोगकारक ठरवलं. मूत्राशयाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा (मुख्यतः फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग) यांबाबत पुरावा पुरेसा आहे. काजळीतली रसायनं कातडीतूनही शरीरात जातात. तेव्हा गाडीत बसण्याआधीच, मास्क न काढता, साबण-पाणी आणि ब्रशने सूट धुऊन घ्या. मग मान, जबडा, मनगटं पुसा. स्टेशनवर पोहोचताच आंघोळ. मळका सूट केबिनमध्ये ठेवू नका, घरी तर अजिबात नेऊ नका. तिथे लेकरं अंगाला बिलगतात.

आणि प्रत्येक वर्दीची नोंद स्वतःच्या वहीत ठेवा: तारीख, काय जळत होतं, धुरात किती वेळ होतात, नंतर काय त्रास झाला. आजार वीस वर्षांनी डोकं वर काढतो, आणि तेव्हा डॉक्टर नेमकं हेच विचारतात.