राज्यातला जुना ड्रग्जचा गुन्हा आणि फेडरल शिक्षा: या चुका टाळा

'ते तर मिसडिमीनर (किरकोळ गुन्हा) होतं, एक दिवसही आत बसला नाही.' अमेरिकेतल्या फेडरल (केंद्रीय) ड्रग्ज खटल्यात राज्यातल्या जुन्या गुन्ह्यामुळे शिक्षा वाढू शकते; तिथे त्या जुन्या गुन्ह्याबद्दल आरोपीच्या बाजूने हे वाक्य आलं, की शिक्षेचं गणित चुकलंय असं खुशाल समजावं.

राज्याने गुन्ह्याला काय नाव दिलं, याला फेडरल कोर्टात किंमत नाही. बर्जेस खटला घ्या. साउथ कॅरोलायनात कोकेन बाळगल्याची जुनी केस. राज्याच्या लेखी मिसडिमीनर, पण कमाल शिक्षा 2 वर्षं. फेडरल कायद्यातली 'फेलनी ड्रग ऑफेन्स'ची (गंभीर ड्रग्ज गुन्ह्याची) व्याख्या विचारते, एक वर्षाहून जास्त शिक्षा होऊ शकत होती का? किती झाली, हे नाही. 2008 साली सुप्रीम कोर्टाने एकमताने हेच धरलं आणि बर्जेसला नव्या फेडरल खटल्यात 10 वर्षांच्या जागी 20 वर्षांची किमान शिक्षा लागू झाली.

2018 च्या फर्स्ट स्टेप अॅक्टने (फेडरल शिक्षा सुधारणाऱ्या कायद्याने) बर्जेस निकाल निकामी केला, असं सांगणारेही भेटतात. हे अर्धवट वाचन. ड्रग्ज विक्रीच्या फेडरल कलम 841 मध्ये ड्रग्जच्या मोठ्या वजनाच्या दोन पायऱ्या आहेत. तिथे आता 'सीरियस ड्रग फेलनी' लागते: कमाल शिक्षा 10 वर्षं किंवा जास्त, प्रत्यक्षात 12 महिन्यांहून अधिक कैद भोगलेली, आणि सुटका नवा गुन्हा सुरू होण्याआधीच्या 15 वर्षांतली. ही मुदत अटकेपासून मागे मोजणारे हमखास फसतात. कटाच्या आरोपात कट कधी सुरू झाला ते बघायचं. वरच्या पायरीवर असा एक गुन्हा असला तर 10 ची किमान 15 होते, दोन असले तर 25. नुसत्या प्रोबेशनवर सुटलेला माणूस इथे वाचतो. पण वजन सिद्ध न करता लागणाऱ्या 841(बी)(1)(सी) मध्ये जुनीच व्याख्या कायम आहे, आणि कमाल 20 ची 30 होते. म्हणून आधी आरोपपत्रातली पायरी बघावी, मग राज्याचं त्या वर्षीचं कलम काढावं, तुरुंगातून आत-बाहेरच्या तारखा मागवाव्यात. तोवर घरच्यांना आकडा सांगू नये. रॅप शीटवरून (जुन्या अटका-शिक्षांच्या यादीवरून) दोन मिनिटांत उत्तर हवं असणाऱ्यांनी हे काम घेऊच नये.

दुसरी चूक बंदुकीच्या केसेसमधली: जुना गुन्हा प्रतिबंधित पदार्थांच्या आजच्या फेडरल यादीने मोजणं. 2018 मध्ये हेम्प (नशा न आणणारी गांजाची जात) त्या यादीतून निघालं, तेव्हा राज्यातल्या जुन्या गांजाच्या शिक्षा आपोआप बाद होतील अशी अनेकांची आशा होती. सुप्रीम कोर्टाच्या 2024 च्या ब्राउन निकालाने ती संपवली: राज्यातला गुन्हा घडला त्या वेळी तो पदार्थ फेडरल यादीत असला, तर तो आर्म्ड करिअर क्रिमिनल अॅक्टखाली (बंदूक बाळगणाऱ्या सराईत गुन्हेगारांची शिक्षा वाढवणाऱ्या कायद्याखाली) धरला जातो. असे तीन गुन्हे म्हणजे किमान 15 वर्षं. वरची, सुटकेची 15 वर्षांची मुदत सवयीने इथेही लावतात. या कायद्याला मुदतच नाही. तिन्ही गुन्हे वेगवेगळ्या प्रसंगी घडले का, हे मात्र सुप्रीम कोर्टाच्या एर्लिंगर निकालानंतर ज्युरी ठरवते, न्यायाधीश नाही.

'रेकॉर्ड पुसलंय' म्हणून गप्प बसू नये. चांगल्या वागणुकीमुळे रद्द झालेली शिक्षा सेंटेन्सिंग गाइडलाइन्स (शिक्षा ठरवण्याचे फेडरल निकष) बहुधा मोजतातच.

जुन्या गुन्ह्यावरून शिक्षा वाढवायची कलम 851 ची नोटीस सरकारी वकिलाने खटल्याआधी किंवा गुन्हा कबूल करण्याआधी दाखल करायची असते. त्यामुळे वाटाघाटी त्याआधीच कराव्यात. पाच वर्षांहून जुना निकाल मुळातच अवैध होता, हे या कलमाखाली म्हणता येत नाही. तो निकाल आपला नाही, किंवा व्याख्येत बसत नाही, हे म्हणता येतं. तेही शिक्षा सुनावण्याआधी.